पिवळ्या कापडावरचा नीलमणी

पडद्यावर माझ्या ताईचा खडा आला तेव्हा सभागृहात तीन-साडेतीनशे माणसं होती, आणि टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

सात फोटो शेजारी शेजारी लावले होते, दर महिन्याचा एक. पहिल्यातला खडा राखेसारखा. दुसऱ्यात राखेत थेंबभर शाई कालवल्यासारखा. तिसरा, चौथा, पाचवा असं करत सातव्यापर्यंत तो इतका निळा झाला होता की पुढच्या रांगेतल्या एका बाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"हा रंग कुठून आला?" रत्नगुरूंनी विचारलं. पांढरा सदरा, कानाला अडकवलेला माईक, आवाजात जराही घाई नाही. "मी घातला का? माझ्या हातात कुंचला दिसतोय कुणाला? फोटो कुणी काढले?"

"मीच," ताई उभी राहून म्हणाली.

"कुठे?"

"घरी. माझ्याच फोनवर."

"ऐकलंत? घर त्यांचं, फोन त्यांचा, बोट त्यांचं. मी आपला नुसता खडा दिला. खड्यानं आजार प्यायला, म्हणून आधी तो काळवंडला. आता आजार संपत आला, तसा त्याचा मूळ रंग वर आला. डोळे कसे आहेत, ताई?"

"सुईत दोरा ओवता येतो."

सभागृहात टाळ्या झाल्या. रत्नगुरूंनी त्या पुरत्या संपू दिल्या.

"आता कुणी शंकेखोर म्हणेल, हातात घेतला तर खडा अजून मळकाच दिसतो. अहो, दिसणारच. आजारी माणसाची नजरही आजारी. यंत्राला ताप येत नाही. यंत्राला मधुमेह होत नाही. म्हणून सांगतो, डोळ्यावर जाऊ नका, फोटोवर विश्वास ठेवा."

मी शेवटच्या रांगेत भाऊजींच्या शेजारी बसलो होतो. मी गेली अकरा वर्षं खड्यांचे फोटो काढून पोट भरतो. कॅमेऱ्याइतक्या निर्विकार चेहऱ्यानं थापा मारणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही. पण त्या क्षणी मला हसू आलं नाही, कारण ताई जागेवर परत बसताना डावीकडच्या खुर्चीच्या हातावर आदळली. खुर्ची तिथेच होती. तिला ती दिसलीच नव्हती.

बाहेर पडताना पायऱ्यांवरही तेच. डावीकडून एक गृहस्थ उतरत होते, ताई थेट त्यांच्या अंगावर गेली. "गर्दी किती झालीय," ती म्हणाली.

ताईला काचबिंदू आहे. तीन वर्षांपूर्वी निदान झालं. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजरेची नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक थेंब, जन्मभर. मी भाऊजींना जरा बाजूला घेतलं.

"थेंब चालू आहेत ना?"

भाऊजी गाडीच्या किल्लीशी खेळत राहिले. ते लिफ्टची देखभाल करतात. लिफ्टच्या दोराचा एक पदर सुटला तरी अख्खी लिफ्ट बंद ठेवणारा माणूस.

"गुरूंनी सांगितलं होतं, दोन्ही एकदम चालत नाहीत. औषध आणि खडा एकमेकांशी भांडतात."

"म्हणजे किती दिवस बंद आहेत?"

"सात महिने झाले असतील."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू कधी विचारलंस?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी त्याच शहरात राहतो. फोनवर "कशी आहेस" विचारायचो, ती "बरी आहे" म्हणायची, आणि दोघंही सुटायचो.

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, बरं होणार नाही, आहे ते फक्त टिकेल," भाऊजी म्हणाले. "इथे म्हणाले, बरं होईल. तू असतास तर कुणाचं ऐकलं असतंस?"



माझं काम एका खिडकी नसलेल्या खोलीत चालतं. टेबल, दोन लांब दिवे, तिपाईवर कॅमेरा आणि खडे ठेवायला चिमटा. शेठ खड्यांची डबी आणून देतात, मी फोटो काढतो, ते दुकानाच्या वेबसाइटवर चढतात. खरा रंग फोटोत पकडणं मुळात कठीण. तोच खडा खिडकीशी वेगळा दिसतो, बल्बखाली वेगळा, थोडा कलता केला की आणखी वेगळा. वर प्रत्येकाच्या फोनचा पडदा आपापल्या परीनं रंग दाखवतो. प्रामाणिकपणे काढलेला फोटोसुद्धा जेमतेम जवळपास जातो. आणि आमचे फोटो प्रामाणिक नसत. फिका खडा आला की शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "यात जरा आभाळ टाका." मी संगणकावर दोन पट्ट्या सरकवून आभाळ टाकत असे. गिऱ्हाईक तक्रार करायचं, फोटोत निळा होता, हातात धुरकट निघाला. दुकानातून ठरलेलं उत्तर जायचं, तुमच्या पडद्याचा दोष असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेलो. ती खिडकीजवळ रफू करत होती. कुणाच्या तरी कोटाच्या बाहीला कसरीनं खाल्ल्यासारखं भोक पडलं होतं आणि ती त्यात एकेक धागा विणून भरत होती. रफू झाल्यावर भोक कुठे होतं ते तिलाही शोधावं लागतं, असा तिचा हात. काम डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर, म्हणून ते तिला अजून जमत होतं.

"रागवायला आलायस?" तिनं मान वर न करता विचारलं.

"खडा बघायला आलोय. फोटो कसे काढतेस ते दाखव."

तिनं कपाटातून पुठ्ठ्याचा डबा काढला. आत खडा, आणि घडी घातलेली सात कापडं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा. एक नंबरचं पांढरं. दोन नंबरचं सायीच्या रंगाचं. पुढे एकेक जरा जास्त पिवळं, आणि सातवं पिवळंजर्द. सोबत छापील कागद होता. दर महिन्याला पुढच्या क्रमांकाचं कापड घ्यावं. कापडानं चौकट पूर्ण भरावी, बाकी काही दिसू नये. खडा मधोमध ठेवावा. फोनच्या कुठल्याही सेटिंगला हात लावू नये, श्रद्धेनं फक्त बटण दाबावं.

मी सातवं कापड हातात घेऊन बसलो. आदल्या दिवशी पडद्यावर पाहिलेल्या सातव्या फोटोत खडा कुठल्या कापडावर होता? मला आठवत होतं ते जवळजवळ पांढरं. सातही फोटोंत कापड साधारण एकाच रंगाचं दिसत होतं, म्हणूनच लोकांना वाटलं की बदललाय तो खडाच. आणि माझ्या हातात तर हे पिवळंजर्द होतं.

"ताई, एक नाणं दे."

"कशाला?"

"दे तर."

तिनं शिवणाच्या डब्यातून एक जुनं, झिजलेलं, राखाडी नाणं काढून दिलं. मी ते एक नंबरच्या कापडावर ठेवून तिच्याच फोननं फोटो काढला. मग सात नंबरच्या कापडावर ठेवून काढला. दोन्ही फोटो शेजारी ठेवून फोन तिच्या हातात दिला.

दुसऱ्या फोटोत नाणं निळं होतं. तिच्या खड्याहून काकणभर जास्तच.

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरून पाहिला.

"फोनला पांढरं म्हणजे काय ते कळत नाही," मी म्हणालो. "तो अंदाज बांधतो. समोर सगळं पिवळंच पिवळं दिसलं की त्याला वाटतं, खोलीतला दिवा पिवळा आहे. मग तो पिवळेपणा मारायला सगळ्या फोटोवर निळं ओततो. कापड पांढरट होतं आणि मधला राखाडी खडा निळा होतो. कापड जितकं पिवळं, खडा तितका निळा. आजार प्यायला नाही, काही नाही. तू दोरा कसा जुळवतेस?"

"दारात नेऊन."

"का?"

"दिव्याखाली जुळलेला दोरा सकाळी भलताच दिसतो," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच उठली. खडा घेऊन दारात गेली, उजेडात धरला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. मी मागे उभा होतो. राखाडी होता. सात महिन्यांपूर्वी होता तेवढाच.

मला वाटलं, जिंकलो.

ती परत येऊन बसली. "ठीक आहे, फोटो खोटा. पण त्याआधीचा फोटो? गुरूंच्या वेबसाइटवरचा, जो बघून मी हा खडा घेतला? त्यात तर हा खडा निळाच होता. तिथे कुठलं कापड होतं? म्हणजे मूळचा निळाच असणार, माझ्याकडे येऊन काळवंडला."

मी तिच्या फोनवर ती वेबसाइट उघडली, फोटो मोठा केला. खड्याच्या पैलूत दोन दिव्यांचं प्रतिबिंब होतं, दोन लांब पांढऱ्या पट्ट्या, डावीचा एक कोपरा तुटलेला. माझ्या टेबलावरच्या दिव्याचा तो कोपरा माझ्याच हातून तुटला होता, आणि त्यावर मी काळी चिकटपट्टी लावलेली आहे. न खपलेले फिके खडे शेठ घाऊक भावात कुणाला तरी देतात, फोटोंसकट, हे मला माहीत होतं. कुणाला देतात हे मी कधी विचारलं नव्हतं. न विचारण्याची मला सवयच.

गप्प बसता आलं असतं. मी सांगितलं.

"हा फोटो मी काढलाय, ताई. निळा मी घातलाय. खडा आधीपासून असाच होता."

तिनं सुई उचलली, मग परत टोचून ठेवली.

"म्हणजे अकरा वर्षं तू हेच करतोयस."

"हो."

"आणि आज मला सांगायला आलायस, कोण खोटं बोलतंय ते."

"ताई..."

"नाही, मला एवढंच सांग. तुझ्यावर विश्वास मी कशासाठी ठेवू? ते निदान मला बरं करू म्हणतात."

आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी मी वाद सोडला आणि विनवणी केली. एकदाच डॉक्टरांकडे चल. खडा खरा असेल तर तपासणीत दिसेलच, मग मी स्वतः सभागृहात येऊन गुरूंच्या पाया पडेन. ती तयार झाली, माझ्यासाठी नाही, मला खोटं पाडण्यासाठी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला ओळखलं. रागावल्या नाहीत, फक्त "बऱ्याच दिवसांनी" म्हणाल्या. नजरेचा आवाका मोजायचं यंत्र असतं. एक डोळा झाकून पांढऱ्या वाटीसारख्या पडद्यात बघायचं, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागच्या स्टुलावर बसलो होतो. यंत्र उजेड दाखवत असल्याचा बारीक आवाज येत होता. एक, दोन, तीन, चार. आणि ताईचा अंगठा बटणावर नुसताच ठेवलेला होता.

"सुरू झालं का?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "सुरू आहे," त्या म्हणाल्या.

कागद छापून आला. त्यांनी वर्षभरापूर्वीचा कागद काढून शेजारी ठेवला. जुन्यात डाव्या डोळ्याच्या कडेला काळा डाग होता, करंगळीच्या नखाएवढा. नव्यात डावा डोळा जवळपास सगळा काळा होता, मधे थोडी जागा उरली होती. उजव्याच्याही कडेला काळं दिसू लागलं होतं.

"पण मला सुईत दोरा ओवता येतो," ताई म्हणाली.

"मधली नजर शेवटी जाते," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून कळत नाही. बाजूचं आधी जातं, आणि मेंदू ती जागा आपल्या मनानं भरून टाकतो."

"थेंब परत सुरू केले तर?"

"आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलं ते येत नाही."

भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी दोनदा विचारलं, ऑपरेशन केलं तर, परदेशात नेलं तर. डॉक्टरांनी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं, तितक्याच हळू आवाजात. माझ्याकडे सगळी उत्तरं होती. कापडाचं, कॅमेऱ्याचं, पैलूतल्या दिव्याचं. त्यातल्या एकाचाही त्या खोलीत काडीचा उपयोग नव्हता.

पुढच्या शनिवारी मी सभागृहात गेलो. ताईही आली, भाऊजींचा दंड धरून. लोकांना विचारू दिलं तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, मला एक नाणं दाखवायचंय. मला वाटलं होतं हाकलून देतील. रत्नगुरू हसले. "या की. शंका असलेला माणूस श्रद्धेच्या एक पायरी खाली उभा असतो."

मी पुढे गेलो, पण फोटो मी काढला नाही. माझ्यावर कुणी का विश्वास ठेवावा, हे ताईनं मला नीट शिकवलं होतं. पुढच्या रांगेत एक निवृत्त बाई होत्या, शाळेत विज्ञान शिकवायच्या असं त्यांनी स्वतःच सांगितलं. नाणं आणि दोन कापडं त्यांच्या हातात दिली. त्यांनी स्वतःच्या फोनवर दोन फोटो काढले आणि पडद्यावर पाठवले. पांढऱ्यावर राखाडी नाणं. पिवळ्यावर निळं नाणं. मी सगळं समजावून सांगितलं, तीन वाक्यांत. इतर आजारांवर दिल्या जाणाऱ्या लाल खड्यासोबत निळी-हिरवी कापडं का देतात, तेही सांगितलं. त्यानं मधलं लालसर होतं.

सभागृहात कुजबुज झाली. रत्नगुरूंनी पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"बघितलंत?" ते म्हणाले. आवाज तसाच मऊ. "मी म्हणत होतो शक्ती खड्यात आहे. मी चुकलो. माणूस आहे, चुकतो. शक्ती तर कापडात पण आहे. अहो, साधं नाणं शुद्ध झालं."

कुणीतरी टाळी वाजवली, मग बरेच जण वाजवू लागले.

ताई उभी राहिली. तिनं भाऊजींचा हात सोडला होता. "नाण्याला काय आजार होता?" तिनं विचारलं.

टाळ्या जरा कमी झाल्या.

"हजार हातांतून गेलेलं असतं ते, ताई. हजार हातांचा मळ."

लोकांना उत्तर आवडलं. टाळ्या पुन्हा वाढल्या. ताई भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेली. शेजारच्यांनी वाट करून दिली, पण कुणी तिच्या मागे बाहेर आलं नाही. नंतर विज्ञानाच्या त्या बाई तेवढ्या आल्या. "कॅमेरा पांढऱ्याचा अंदाज कसा बांधतो, ते परत सांगा. नातवंडांना दाखवीन," म्हणाल्या. साडेतीनशेंत एक.

त्या महिन्यापासून गुरू कापडं वेगळी विकायला लागले, असं ऐकलं.

मी शेठचं काम सोडलं. त्यांनी आठवड्यात दुसरा माणूस ठेवला, आणि तोही आभाळ टाकतो. पोलीस चौकीत गेलो, तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "तक्रार कोण करणार? फोटो बाईंनी स्वतः काढलेत, औषध बाईंनी स्वतः बंद केलंय." तक्रार द्यायला ताई तयार नाही. "सगळ्यांसमोर उभी राहून मीच सांगितलं होतं, दोरा ओवता येतो म्हणून," ती म्हणते. सभागृहात आमच्या पुढच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसत. मधुमेहामुळे त्यांच्या पायाला न भरणारी जखम आहे, आणि त्यांचा लाल खडा दर महिन्याला जास्त लाल होतोय. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या बहिणीची श्रद्धा कमी पडली हो." पायाला पट्टी होती. वास येत होता. मी डॉक्टरांचा नंबर लिहून टेबलावर ठेवला आणि निघालो.

ताई आता दोन्ही वेळा थेंब टाकते. रफूची बारीक कामं तिनं बंद केली आहेत. त्या खड्याबद्दल आम्ही बोलत नाही.

हे लिहिलं ते एवढ्यासाठी. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी फोटोवाला आहे, आणि मी काय केलं ते तुम्हाला सांगितलंच आहे. तुम्ही स्वतः करून बघा. घरातली कुठलीही राखाडी वस्तू घ्या, एखादं बटण, चावी, अंगणातला दगड. गडद पिवळ्या कापडावर ठेवा, चौकट कापडानं भरा, फोनच्या सेटिंगला हात न लावता फोटो काढा. एका फोनवर जास्त दिसेल, एखाद्यावर कमी, पण बहुतेकांवर दिसेल. मग ज्यांच्या घरात कुणी असा खडा बाळगून आहे, त्यांना दाखवा. चमत्कार करायला तुम्हाला दोन मिनिटं लागली, हे त्यांना कळू द्या. ऐकतील की नाही, सांगता येत नाही. माझं फार थोड्यांनी ऐकलं.

आणि खडा, कापड, पाणी, राख, काहीही देऊन कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर बाटली बाजूला ठेवण्याआधी ज्यांनी ती लिहून दिली त्यांना एकदा विचारा. घरात कुणी औषधावर असेल, तर "कशी आहेस" एवढ्यावर थांबू नका. थेंब चालू आहेत का, ते विचारा. ताईनं डॉक्टरांना विचारलं नाही. मी ताईला विचारलं नाही.